टेगनच्या गुडघ्यात कुणाची दोरी?

नेटबॉलच्या सामन्यात उंच उडी मारून खाली येताना टेगन टिपेटचा उजवा गुडघा आत वळला आणि लिगामेंट तुटलं. टेगन चौदा वर्षांची, वॉरिंडा गावच्या संघातली सगळ्यात उंच बचावपटू. आईबाबा तिला घेऊन मेलबर्नला डॉक्टर पापासबाईंकडे गेले.

"तुटलेलं लिगामेंट तसंच शिवून भागणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्या जागी दुसरीकडची, स्नायू हाडाला बांधणारी दोरी बसवायची. हिच्याच मांडीमागची घेता येईल, पण ती अजून बारीक आहे. गुडघ्याच्या वाटीखालची मजबूत असते, पण तिच्यासोबत हाडाचे तुकडे येतात, आणि हिची हाडं वाढतायत. मृत दात्याची या वयात पुन्हा तुटायची भीती जास्त. मला विचाराल तर आईची किंवा बाबांची मांडीमागची घ्यावी. चांगली जाड असते. कुणाची ते ठरवून कळवा."

"ठरवायचं काय त्यात? माझी घ्या," टेगनचा बाबा ब्रेंडन म्हणाला. तिची आई लिआन हिने बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

गुरुवारी फुटबॉल क्लबातल्या जेवणाला ब्रेंडनने ही बातमी प्रत्येक टेबलावर स्वतः पोचवली. "आता बघा पोरगी कशी उडते ते! तीन विजेतेपदं जिंकलेला पाय आहे हा!"

"जिंकलेला आहे रे," रॉस खाटीक म्हणाला, "पण त्यानंतर तो सोफ्यावरच ठेवलायस ना? दोरी वाळली नसली म्हणजे मिळवली!"

सगळे खो खो हसले. टेगन तेवढी हसली नाही. घरी जाताना गाडीत तिने विषय काढला.

"बाबा, चिडू नकोस हं. आईची घेऊ या का?"

"का? माझीत काय खोट आहे?"

"खोट नाही रे. पण आई अजून दर शनिवारी नेटबॉल खेळते. तुझी आत बसवली, आणि ती तिथेही नुसती बसूनच राहिली तर?"

लिआनला एकदम खोकला आला.

 हे ब्रेंडनच्या फारच मनाला लागलं. पुढच्याच रविवारी क्लबातल्या जुन्या खेळाडूंचा सामना होता. त्यात त्याने आपलं नाव घातलं आणि कुबड्यांसकट टेगनला मैदानाच्या कडेला खुर्चीत बसवलं. "बघ आता," तो म्हणाला.

सुरुवात चांगली झाली. ब्रेंडन पळाला, दोनदा चेंडू हवेत झेलला (ऑस्ट्रेलियन फुटबॉलात हात चालतात), लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर थांबायचं, तर त्याने रॉसच्या खांद्यावरून चेंडूवर झेप घेतली आणि एका पायावर उतरला. 'टक्' असा आवाज कडेपर्यंत ऐकू आला.

टेगनचा चेहरा उतरला. "आई, धाव! त्याला उठू देऊ नकोस. माझाही असाच आवाज झाला होता."

ब्रेंडनचंही लिगामेंट तुटलं, आणि अशा रीतीने प्रश्न सुटला. दोरी लिआनची घेतली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. लिआन थोडे दिवस लंगडली, टेगन पट्टा बांधून व्यायामाला लागली. पुढच्या तपासणीला तिघंही गेले, कारण ब्रेंडननेही स्वतःसाठी वेळ घेतली होती. त्याने वाचून वाचून सगळी तयारी केली होती.

"डॉक्टर, माझं ठरलंय," तो म्हणाला. "वाटीखालचीच घ्या. गुडघे टेकताना दुखेल म्हणतात, मी सोसेन."

डॉक्टरांनी त्याचा गुडघा इकडून तिकडून वळवून पाहिला. "काम काय करता?"

"फरशांचं दुकान आहे. गल्ल्यावर असतो."

"पुन्हा फुटबॉल खेळणार?"

"नाही!" लिआन आणि टेगन एकदम म्हणाल्या.

"मग शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही. व्यायाम करा, मांडी मजबूत करा. या लिगामेंटशिवाय पुष्कळ लोक मजेत चालतात."

ब्रेंडन गाडीत येऊन बसला, कुबड्या मांडीवर घेतल्या. लिआनने गाडी बाहेर काढली. गाव निम्म्यावर आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझी कुणी घेतली नाही, आणि मला कुणाची दिलीही नाही."

 मग मागून टेगनचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"मी दिली असती, बाबा. खरंच."

ब्रेंडनने तिच्या हातावर आपला हात ठेवला. "कुठल्या पायाची?" त्याने कसंबसं विचारलं.

"डाव्या," टेगन म्हणाली. "उजव्यातली आईची आहे. ती मी नाही देणार."