गोदामवाल्याचा नातू

शनिवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, ताश-बुलुन गावच्या क्लबात, पडद्यावरच्या दाइरबेकने एका म्हाताऱ्या आईच्या हातातलं गव्हाचं गाठोडं हिसकावून घेतलं, आणि प्रेक्षकांतून आलेला एक रबरी बूट त्याच्या तोंडावर बसला. बूट डाव्या पायातला होता. पडद्याला लहानसा पोचा पडला. खुर्चीतल्या खऱ्या दाइरबेकला काहीच लागलं नाही. पण तो बूट आपल्या होणाऱ्या विहीणबाईंचा आहे हे त्याने लगेच ओळखलं, कारण त्या त्याच्याच शेजारी बसल्या होत्या.

"विहीणबाई, तो मी नाही," दाइरबेक कुजबुजला.

"मग कोण? तोंड तुमचं, आवाज तुमचा," कुमुशाय म्हणाली. "टोपीसुद्धा तुमचीच! साखरपुड्याला हीच घालून आला होतात."

टोपीबद्दल वाद नव्हता.

दाइरबेक हा गावचा गुरांचा डॉक्टर. गेल्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले, त्यांच्या एका घोड्याच्या पोटात कळा सुरू झाल्या, म्हणून त्याला बोलावणं आलं. घोडा उठला. त्याच दिवशी राजधानीहून आलेला नट घोडीचं दूध जास्त पिऊन आडवा झाला, आणि तो काही उठेना. तिलेक नावाच्या तरुण दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं आणि दाइरबेककडे बोट दाखवलं. तिकडे वयाने मोठ्या पुरुषाला बाइके म्हणतात. "बाइके, इथं उभे राहा. एकच वाक्य आहे. कपाळाला आठ्या असू द्या." आठ्या होत्याच. वाक्य होतं, "रडून गहू वाढत नाही, म्हातारे." दाइरबेकने ते एका दमात म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "शेतीविषयी काहीतरी आहे."

सिनेमा होता याच गावच्या सार्जंट इमानकुलविषयी. महायुद्धात त्याने एका नदीचा उतार दिवसभर एकट्याने मशिनगन घेऊन रोखून धरला, ही गोष्ट गावात लहान पोरालाही पाठ होती. पडद्यावर तीन रणगाडे, एक पूल आणि जवळजवळ अख्खी नदी उडाली. त्याबद्दल गावात नंतर एक शब्द निघाला नाही. लोकांच्या डोक्यात राहिला तो गोदामवाला. पोरगा लढाईवर असताना त्याच्या आईला, बुरुलला, उपाशी ठेवणारा. ही बुरुल म्हणजे सेइदालीची सख्खी आजी. सेइदाली म्हणजे कुमुशायचा नवरा. आणि त्यांची मुलगी मीरिम पुढच्या महिन्यात दाइरबेकच्या घरी सून म्हणून यायची होती. त्यासाठीच तर दाइरबेकने व्याह्यांना आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं होतं.

आपली पत किती घसरली हे दाइरबेकला चार दिवसांनी कळलं. शेजाऱ्याच्या नातवाने पहिलं पाऊल टाकलं म्हणून मेंढी कापली होती. मांस वाटायला लागल्यावर दाइरबेकच्या पुढ्यात, गेली वीस वर्षं येत होतं तसं, खुब्याचं हाड यायला हवं होतं. आली बरगडी. बरगडी पोरासोरांना देतात. त्याने वाढणाऱ्याकडे पाहिलं. वाढणारा छताकडे पाहत होता.

मग लक्षणं वाढतच गेली. लोक गाई आणायचे, पण सलाम करायचे नाहीत. एका बाईचं वासरू अडलं तेव्हा दाइरबेक तासभर कोपरापर्यंत हात घालून राबला. निघताना ती नानचा तुकडा पुढे करील, "तोंडाला तरी लावून जा" म्हणेल, म्हणून तो उंबऱ्यात घोटाळला. त्या भागात वैऱ्यालाही तसं सोडत नाहीत.

"काही विसरलंय का?" बाईने विचारलं.

"नाही, नाही. सुई राहिली की काय, बघत होतो."

"गहू तर नाही ना राहिला?" बाई म्हणाली आणि तिने दार लावलं.

आठवड्याअखेर सेइदाली स्वतः आला. घोड्यावरून उतरला नाही, हे साइराकानने, म्हणजे दाइरबेकच्या बायकोने, खिडकीतूनच पाहिलं आणि किटली परत खाली ठेवली.

"व्याहीबुवा, मला एवढंच सांगा," सेइदाली वरूनच म्हणाला. "शहरातला माणूस. गावात पाचशे तोंडं. तो नेमका तुमच्याच तोंडापाशी का थांबला?"

"नट आजारी पडला म्हणून."

"नट आजारी पडला, बरोबर. पण पडल्यावर त्याला तुम्हीच का दिसलात? चेहरा रक्तातून येतो. तुमचे आजोबा, सादिर, लढाईच्या काळात काय करायचे?"

"घोडी राखायचे! वर कुरणात! वर्षातनं दोनदा गावात उतरायचे."

"गहू न्यायला का?"

दाइरबेकने खिशातून फोन काढला, तिलेकला लावला आणि आवाज मोठा केला. तिलेक प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "अहो बाइके, ते पात्र मी माझ्या मनानं घातलं. सिनेमात एक तरी वाईट माणूस लागतो. जर्मन फार लांब होते, मला जवळचा हवा होता."

"ऐकलंत?" दाइरबेक म्हणाला.

"ऐकलं," सेइदाली म्हणाला. "सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत काय लिहून येतं? सत्य घटनेवर आधारित. मग लिहिलेलं खरं धरू, की आता हा फोनवर तुमची बाजू घेतोय ते? एवढा हुबेहूब हरामखोर मनानं कोणाला सुचेल?" त्याने घोडा वळवला. "परवा मीरिमच्या कानांतले परत पाठवतो."

ते कानातले साइराकानने स्वतःच्या हातांनी सुनेच्या कानांत घातले होते. ते परत येणं म्हणजे लग्न मोडणं. त्यापुढे बोलायला काही उरत नाही. पण परवाचा दिवस आला आणि कानातले आले नाहीत. मीरिमने कान सुजल्याचं सांगितलं होतं. दोन्ही कान एकदम सुजले होते आणि ती कोणाला हात लावू देत नव्हती. उर्मात, म्हणजे दाइरबेकचा मुलगा, बापाशी बोलत नव्हता; पण सूज किती आहे याची खबर त्याला रोज लागत होती.

दाइरबेकने पुन्हा फोन केला. "तू सगळंच मनानं घातलंस का रे?"

"सगळंच. ते वाक्य सोडून," तिलेक म्हणाला. "रडून गहू वाढत नाही, ते तुमच्याच गावातल्या आझार आजींनी सांगितलं होतं."

आझार आजी गावातली सर्वांत म्हातारी बाई. लढाईच्या वेळी ती बारा वर्षांची होती आणि त्यानंतर तिने काही विसरल्याचं कोणाला माहीत नव्हतं. दाइरबेक तिच्या शेळीचे खूर कापायचं निमित्त काढून गेला.

"गोदामवाला?" आजी म्हणाली. "कसला गोदामवाला? बाप्ये होतेच कुठे गावात? किल्ली बुरुलच्या कमरेला असायची."

दाइरबेकच्या हातातून शेळी सुटली.

"कोणती बुरुल?"

"गावात बुरुल एकच. इमानकुलची आई. मी एकदा मूठभर गहू उचलला तर उलथन्याची अशी एक दिली हातावर! माझी आई दारात रडत बसली, तर म्हणाली, रडून गहू वाढत नाही. स्वतःच्या घरीही दाणा नेला नाही हो तिनं. म्हणून तर वसंतात पेरायला बी उरलं. नाहीतर कुठला तू अन् कुठली ही शेळी."

"आजी, तुम्ही हे त्या सिनेमावाल्याला का नाही सांगितलं?"

"त्यानं नाव विचारलंच नाही. विचारेल तेव्हा सांगेन. या वयात लपवून मी कुठं नेणार आहे?"

दाइरबेक घरी आला तो निम्मा उडत, निम्मा लंगडत. शेळीने लाथ मारली होती. साइराकानने सगळं ऐकलं, दार लावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "आता हे त्यांना जाऊन सांगणार?"

"मग? निर्दोष सुटलो मी!"

"तुम्ही सुटाल हो. पण त्या माणसाच्या घरात जाऊन सांगणार, की सिनेमातला हरामखोर म्हणजे तुमची आजी? अन् वर विचारणार, लग्न कधी?"

दाइरबेक बसला. न सांगावं तर लग्न मोडतं, सांगावं तर लग्नाबरोबर शेजारही मोडतो. त्याने पायाला मलम चोळलं. मलम गुरांचं होतं. घरात दुसरं नव्हतं.

"तिसरा रस्ता आहे," तो म्हणाला. "पण आजोबांना आवडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तो एक मेंढी आणि एक रबरी बूट घेऊन सेइदालीच्या दारात उभा राहिला. आत सात-आठ माणसं होती, हे बरंच झालं. त्याने टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "आमच्या आजोबांच्या हातून जे घडलं, त्याबद्दल या घराची क्षमा मागायला आलोय."

मग सेइदाली उठला, डोळे पुसले आणि त्याने दाइरबेकला मिठी मारली. "इतक्या वर्षांनी का होईना, कबूल केलंत! याला म्हणतात मोठं मन. बसा. वर बसा." खाली बसल्यावर त्याने हळूच विचारलं, "किती गहू खाल्ला हो त्यांनी?"

दाइरबेकने याची तयारी केली नव्हती. "असेल... दोन पोती."

"दोनच? सिनेमात तर पाच दिसतात."

"मग पाच."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" सेइदाली सगळ्यांकडे वळून म्हणाला.

कुमुशायने बूट उलटसुलट करून पाहिला. "धुतलात वाटतं?"

"धुतला. तेलही लावलं."

"नेम तसा माझा वाईट नाही," ती म्हणाली आणि चहा ओतायला लागली. त्या दिवशी दाइरबेकच्या ताटात खुब्याचं हाड आलं. मीरिमच्या कानांची सूज जेवण संपायच्या आत उतरली. लग्न अलीकडे ओढून पुढच्याच शनिवारी ठरलं.

घरी साइराकानने सासऱ्याच्या बापाच्या नावाने कढईत पुऱ्या तळल्या. तळणीचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, अशी तिकडे सगळ्यांची खात्री आहे. एरवी ती सात तळते; या वेळी तिने परात भरली. "फार रागावले असतील," ती म्हणाली.

पुढे थोडा त्रास झालाच. गावातल्या आणखी काही घरांना आपल्याही आजीला गहू मिळाला नव्हता असं आठवलं, आणि ती मंडळी गुरांना फुकट टोचून घेऊ लागली. वासराच्या बाईने तर आख्खा नान हातात ठेवला आणि म्हणाली, "तुमचा काय दोष, बाइके. रक्तच तसं." दाइरबेकने नान खाल्ला आणि तिच्या गाईला कानामागे खाजवलं. लग्न होईपर्यंत त्याला सगळं कबूल होतं.

मंगळवारी फोन वाजला.

"बाइके!" तिलेक ओरडत होता. "मी मनानं घातलेला माणूस खरा निघाला! सेइदाली बाइकेंनीच फोन केला मला. वर तुम्ही चारचौघांत कबूल केलंत! अंगावर काटा आला माझ्या. पुढचा सिनेमा गोदामवाल्यावर, आणि काम तुमचंच!"

"अरे, नको रे..."

"या वेळी मनाचं काही घालणार नाही. सगळं खरं. गुरुवारी येतो. व्याह्यांनी जेवायला बोलावलंय, आझार आजींनाही आणणार आहेत म्हणे."

दाइरबेक बुधवारी आजीकडे गेला. आजी घरी नव्हती. नवा पांढरा रुमाल घ्यायला बाजारात गेली होती.

गुरुवारी दुपारपर्यंत कळलेली हकिगत अशी. तिलेकची गाडी घाट उतरून वेळेवर पोचली. मेंढी शिजून तयार आहे. सेइदालीच्या घरात सर्वांत मानाच्या जागी आझार आजी बसली आहे, नव्या रुमालात, चार उशांना टेकून. तिच्या उजव्या हाताला सेइदाली, डाव्या हाताला दाइरबेक. मुलीच्या लग्नाला दोन दिवस असल्याने कुमुशाय फार खुशीत आहे आणि स्वतः चहा ओतते आहे. तिलेक म्हणाला, "आजी, अगदी पहिल्यापासून सांगा. त्या गोदामवाल्याचं नाव काय होतं?"

आजी म्हणाली, "चहा संपवू दे."

दाइरबेक दाराकडे पाहत होता. तिथे सगळ्यांचे बूट ओळीने काढून ठेवले होते. विहीणबाईंचा डावा बूट अगदी कडेला होता, त्यांचा हात पोचेल असा.

आजीने पेला खाली ठेवला.