तात्यांचा झोपलेला आकडा

दर रविवारी सकाळी शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत हाक येते, "वैनी, आकडा!" मी गॅस बारीक करते, पदराला हात पुसते आणि शेजारच्या तात्यांकडे जाते. तात्या वजनकाट्यावर उभे असतात. चष्मा, घड्याळ, खिशातला रुमालसुद्धा काढून खुर्चीवर ठेवलेला. डोळे मिटलेले. पायाशी उमटलेला आकडा त्यांना पोटाआड दिसत नाही, म्हणून तो वाचायला मी.

"एकशे अकरा."

"झोपलाय," तात्या डोळे न उघडताच म्हणतात. "आकडा झोपलाय, वैनी."

तात्या एकेकाळी पेठेच्या संघाचे गोलकीपर. भिंतीवर त्यांचा तेव्हाचा फोटो आहे: सडपातळ पोरगा, दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर, बोटं चेंडूला नुकती लागलेली. "हवेत असताना मला वजनच नसायचं बघा," असं म्हणून ते फोटोकडे बघत राहतात, आणि मग बराच वेळ त्या खोलीत नसतातच. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा त्यांनी वजन उतरवायचं ठरवलं. खरं कारण मात्र फक्त मला सांगितलं. "परत एकदा उडायचंय. एकदाच. मग पडलो तरी चालंल."

मिसळीवरचा कट सुटला, तांबडा-पांढरा रस्सा सुटला. पहाटेच्या धुक्यात तात्या रंकाळ्याभोवती फिरायला लागले. लांबून बघितलं तर वाटायचं, एखादा ढगच चुकून खाली उतरलाय आणि आता वाट शोधतोय. एकशे चोवीसचे एकशे अकरा झाले. आणि तिथंच आकडा निजला, तो तीन महिने.

आधी त्यांनी काट्यावर संशय घेतला. लाकडाच्या वखारीत जाऊन तिथल्या मोठ्या काट्यावर बसून आले. "एकशे अकराच," वखारवाला म्हणाला, "वाळलं की कमी भरंल." मग चार दिवस नाश्ता बंद केला आणि रंकाळ्यावर चक्कर येऊन खाली बसले. तेव्हा मात्र मी त्यांना हाताला धरून आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं.

बाई वयानं लहान, बोलायला शांत. म्हणाल्या, "काका, उपाशी राहू नका. शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी. आधी जे पुरत होतं तेच आता जास्त होतं. पंधरा दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहा."

तात्यांनी लिहिलं. किती प्रामाणिकपणे, तर "शेंगदाणे सात, पैकी एक खवट." पंधरा दिवसांनी बाईंनी वही चाळली.

"साडेसातला वरणभात, भाजी. त्यानंतर?"

"आठला आक्कांकडं जातो."

आक्का म्हणजे त्यांच्या संघातल्या फुलबॅकची आई. वय ऐंशीच्या पुढं. मुलगा दुबईत, आक्का इथं माडीवर एकट्या.

"तिथं जेवता?"

"छ्या! त्या जेवत्यात. मी नुसता सोबतीला."

"नुसते?"

तात्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "भाकरी पुढ्यात असत्या. हात रिकामा कसा ठेवायचा? त्ये जेवण न्हवं हो, सोबत हाय. म्हणून लिवलं न्हाय."

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. "दोन्हींतलं एक सोडावं लागेल, काका."

"आक्कांचं न्हाय सुटायचं. मी घास घेतल्याबिगर म्हातारी जेवत न्हाय."

"मग घरचं सोडा."

तात्या हळूच म्हणाले, "ही गेल्यापासनं घरात आवाजच न्हाय. सांच्याला कुकर लावला की शिट्टी होत्या. तेवढं तरी घर बोलतंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग शिट्टी होऊ दे की. कुकर लावा, डबा भरा आणि आक्कांकडं घेऊन जा. दोघांनी मिळून तेच जेवा."

तात्यांना हे सुचलंच नव्हतं. मलाही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. "एकशे दहा, पॉइंट चार!"

तात्यांनी डोळे उघडले. "जागा झाला," एवढंच म्हणाले आणि काट्यावरून असे उतरले की जणू खाली गवत आहे.

परवा संध्याकाळी लिंबाचं लोणचं द्यायला मी आक्कांकडे गेले. माडीवर कलतं ऊन होतं. आक्कांनी मला जवळ बसवलं.

"पोरी, तुला म्हणून सांगते. खालची सुनंदा मला सातलाच गरम जेवण आणून द्यायची. पोट भरलेलं असायचं माझं."

"मग आठला परत कशाला जेवायचात?"

"त्येची बायको गेली. घरात एकटा काय जेवत असंल? मी बसले तर दोन घास खाईल, असं वाटायचं. म्हणून भाकरी भाजायची आणि ढकलायची आपली. आता सुनंदाला नगं म्हणून सांगितलंय. ह्येच्या हातचं आळणी असतंय, पण जातंय की घशाखाली."

जिन्यावर जड पावलं वाजली. आक्कांनी माझा हात घट्ट धरला. "त्येला सांगू नगंस हं. यायचा बंद हुईल."

तात्या दारात आले. हातात डबा, कपाळावर घाम.

"काय आक्का, भूक लागल्या न्हवं?"

"लई," आक्का म्हणाल्या. आणि आता ते खरं होतं.