सुखरूप धरण्यात येईल

माणूस सुखरूप आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असून भागत नाही. तशी नोंद व्हावी लागते. पूर्वी लोक हे काम फार गबाळेपणाने करत. शेजारच्या नळाचा आवाज आला, जिन्यात चप्पल वाजली, भिंतीपलीकडे कोणी खाकरलं, की समोरचा आहे असं धरून आपापल्या कामाला लागत. या पद्धतीत त्रुटी अशी होती, की तिची आकडेवारी निघत नसे.

त्या चार मजली इमारतीत एकटीदुकटी राहणारी तेवीस म्हातारी माणसं होती. त्यांची विचारपूस अकरा वर्षं ऑपरेटरमावशी करत असे. मावशी त्या तेविसांतलीच एक. पण चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. तिच्या काळी समोर उभा बोर्ड असायचा, दिवा लागला की कॉर्ड खोचायची, बोलणं संपलं की ओढून काढायची. आवाज ऐकून ती नंबर सांगायची आणि नुसता श्वास ऐकून माणूस. बोर्ड भंगारात गेला, मावशी निवृत्त झाली, पण हात राहिला. रोज सकाळी सातला खुर्चीत बसून ती एकेकाला फोन लावी. "उठलात का?" एवढंच विचारी. कोणी तक्रारी सांगे, कोणी स्वप्न सांगे, आणि दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका, ज्यांना बोलायचा मुळातच कंटाळा, ते फोन उचलून दोनदा खोकत आणि ठेवून देत.

सगळा कारभार एका वहीत होता. कोणाचा फोन किती वेळ वाजू द्यायचा, आणि नाहीच उचलला तर किल्ली कोणाकडे. शिंपीकाकांच्या पानावर लिहिलं होतं: "दोनदा खोकले म्हणजे ठीक. एकदाच खोकले तर खाली जाऊन येणे. किल्ली खालच्या बेकरीत, तिसऱ्या बरणीमागे." अकरा वर्षांत या वहीमुळे चार जण वेळेवर दवाखान्यात पोहोचले. (ही संख्या अधिकृत नाही. वहीत एकूण बेरीज नव्हती.)

इमारतीच्या मंडळाला वर्तमानकाळात आणलं ते सेक्रेटरींनी. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमिंगचा एक अभ्यासक्रम पुरा केला. त्यात काही लिहावं लागत नाही. रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवले, की पडद्यावरचं चित्र आपण सांगू तसं वागतं. अभ्यासक्रम आठ ते बारा वयोगटासाठी होता आणि सेक्रेटरी एकाहत्तर वर्षांचे होते, म्हणजे पात्रतेपेक्षा कितीतरी अधिक अनुभव घेऊन ते त्यात उतरले. त्यांना तीन चांदण्या मिळाल्या. प्रमाणपत्र मंडळाच्या ऑफिसात फ्रेम करून लावलं आहे. त्याच्या कोपऱ्यात ससा आहे.

त्यांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक रहिवाशाचं एक बदक होतं. रहिवाशाने सकाळी दहाच्या आत आपल्या मोबाइलवर बदकाला बोट लावायचं. बदक "क्वॅक" म्हणणार, निरोप दूरच्या कुठल्याशा देशातल्या डेटाबेसमध्ये जाणार, तिथे नोंद होणार, आणि ती नोंद परत येऊन ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्यावर ते बदक हिरवं होणार. बोट लागलं नाही तर लाल. शिंपीकाकांचा खोकला, जो पूर्वी एक मजला चढून मावशीच्या कानात यायचा, तो आता दोन समुद्र ओलांडून तळमजल्यावर येणार होता. प्रगती म्हणतात ती हीच.

डेटाबेस जोडणं सोपं गेलं नाही. ठोकळे अडकत, निरोप जाईना. शेवटी कळलं, की डेटाबेसवाल्या कंपनीने दिलेला चाळीस अक्षरांचा गुप्त परवलीचा शब्द एका ठोकळ्यात भरावा लागतो. सेक्रेटरींनी तो भरला, आणि मंडळाचा कारभार पारदर्शक असल्यामुळे नोटीस बोर्डावरही लावला. (गुप्त कागद सभासदांपासून लपवू नये, असा ठराव आहे.)

दुसरी अडचण जागेची. डेटाबेसच्या फुकटच्या योजनेत माणशी एक अशा वीस ओळी मिळत, माणसं तेवीस. मंडळाने तीन तास चर्चा करून हा प्रश्न मानवतेने सोडवला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणींना मिळून एक ओळ देण्यात आली. एक सुखरूप असेल तर दुसरी असणारच. निवृत्त गार्ड आणि निवृत्त पोस्टमन रोज कॅरम खेळतात म्हणून त्यांचीही एक. आणि नर्सबाईंना वैद्यकीय ज्ञान असल्यामुळे ओळीची गरज नाही, असं त्यांच्या गैरहजेरीत सर्वानुमते ठरलं.

मग सेक्रेटरी वहीसाठी मावशीकडे आले.

"मावशी, सगळं चढवतोय. नाव, वय, स्थिती. तीन रकाने."

"आणि हा खोकला?"

"खोकला कुठल्या रकान्यात घालू, तुम्हीच सांगा."

"किल्ल्यांचं काय?"

"सगळ्या गोळा करून ऑफिसच्या कपाटात. बरणीमागे किल्ली ठेवायला आपण काय मांजरं आहोत? बदक लाल झालं, की कपाट उघडायचं. तसं प्रोग्रॅममध्येच लिहिलंय."

उद्घाटनाला सगळे जमले. वीस बदकं हिरवी झाली, टाळ्या पडल्या. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या बाईंचा दांडा कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीला लागला, तार निघाली आणि विसाच्या वीस बदकं लाल झाली.

"अगं बाई, सगळे गेले!" बाई किंचाळल्या.

"घाबरू नका," सेक्रेटरी म्हणाले, "संपर्क तुटला की लालच होणार. धडा सातवा." त्यांनी तार पुन्हा खोचली आणि वीसही जण परत आले. मावशी ते पाहत होती. तार खोचणं तिच्या ओळखीचं होतं.

पहिल्या तीन आठवड्यांत रोज सरासरी साडेदहा बदकं लाल राहिली. काही कारणांची नोंद उपलब्ध आहे: चष्मा सापडला नाही, नऊ वेळा, मोबाइल चार्जिंगला होता, चौदा, बदक चावेल असं वाटलं, एक. गार्डसाहेबांनी आवाज आवडतो म्हणून एका सकाळी बदक चाळीस वेळा दाबलं; त्या दिवशी ते अतिशय सुखरूप होते. शिंपीकाका मोबाइल कानाला लावून दोनदा खोकत आणि ठेवून देत. दर लाल बदकामागे कपाट उघडायचं, जिना चढायचा, दार वाजवायचं, आणि आतून "काय आहे?" ऐकून उतरायचं. सेक्रेटरींचे गुडघे बोलू लागले. त्यातच वार्षिक अहवाल जवळ आला, आणि अहवालात लाल रंग बरा दिसत नाही.

सेक्रेटरींनी मंडळाच्या घटनेतच उपाय शोधला. मंडळात कोणताही ठराव असाच होतो: नोटीस लावायची, मुदत द्यायची, आणि हरकत न आल्यास मंजूर धरायचं. जिन्याचा रंग असाच ठरला, पाण्याच्या वेळा अशाच ठरल्या. त्यांनी प्रोग्रॅममध्ये फक्त एक ठोकळा वाढवला: "दहा वाजेपर्यंत उत्तर न आल्यास सुखरूप धरावे."

रीतसर नोटीसही निघाली. कलम एक, वरीलप्रमाणे. कलम दोन, दोन यंत्रणा एकाच वेळी चालल्यास आकडेवारी दूषित होते, सबब सकाळचे फोन बंद करण्यात यावेत. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

मावशीने नोटीस दोनदा वाचली. तिला हरकत होती. पण नर्सबाई तिखट आहेत, त्या लिहितील असं तिला वाटलं. नर्सबाईंना ओळच नव्हती, त्यामुळे आपल्याला हरकतीचा हक्क नाही असं त्यांना वाटलं. थोरल्या बहिणीला वाटलं धाकटी लिहील, आणि धाकटीला थोरली. सात दिवस गेले. कोणी लिहिलं नाही. आठव्या दिवसापासून इमारत शंभर टक्के सुखरूप झाली.

मावशी तरी रोज सातला खुर्चीत बसे. रिसीव्हर उचले, गुणगुण ऐके, ठेवून देई. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी अकराच्या सुमारास भाजी घेऊन येताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. शिंपीकाकांच्या दाराला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या. एक आजची.

तिने बेल वाजवली. मग दार वीस वेळा ठोठावलं. मग बेकरीत गेली. तिसऱ्या बरणीमागे किल्ली नव्हती. ती ऑफिसात आली.

"शिंप्याची किल्ली द्या."

सेक्रेटरींनी पडद्याकडे बोट केलं. "हिरवं आहे की, मावशी."

"त्याने दाबलं का?"

"न दाबणं हेही एक उत्तरच असतं."

"अहो, दाराला कालचं दूध आहे."

"दुधाला रकाना नाही. हे बघा, मला का द्यायची नाही किल्ली? पण हिरवं असताना कपाट उघडलं आणि उद्या त्यांचं काही हरवलं, तर? लाल होऊ दे. पुढच्या मिनिटाला देतो. शब्द माझा."

"आणि ते लाल कधी होणार?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात आला नव्हता.

मावशीने भाजीची पिशवी टेबलावर ठेवली. कोपऱ्यात गेली, वाकली, आणि चौतीस वर्षांची सवय असलेल्या हाताने डबीची तार ओढून काढली.

विसाच्या वीस बदकं लाल झाली.

सेक्रेटरी शब्दाचे पक्के. त्यांनी कपाट उघडलं, नियमाप्रमाणे सगळ्याच किल्ल्या काढल्या आणि शिंप्याची मावशीच्या हातात दिली. इतरांची दारं उघडत ते चौथ्या मजल्यापर्यंत गेले. दोन्ही बहिणी अंघोळीच्या तयारीत होत्या, त्यावरून पुढे बरंच झालं. मावशी दुसऱ्या मजल्यावरच थांबली.

शिंपीकाका पलंग आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये पडलेले होते. आदल्या सकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ सुकले होते, पण शुद्धीवर होते. मोबाइल हाताच्या अंतरावर होता. त्याला त्यांनी बोट लावलं नव्हतं. ते फोन वाजायची वाट पाहत होते.

मावशीने त्यांच्या ओठांना पाणी लावलं.

"फोन नाही केलास?" ते म्हणाले. अकरा वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदाच एवढं बोलले.

मावशीकडे याचं उत्तर होतं. नोटीस निघाली होती, मुदत होती. तिने पुन्हा त्यांच्या ओठांना पाणी लावलं.

वार्षिक अहवालात ही घटना सविस्तर आहे. यंत्रणेने धोक्याची सूचना देताच चार मिनिटांत सर्व किल्ल्या बाहेर काढण्यात आल्या, असं त्यात म्हटलं आहे, आणि ते खरं आहे. सेक्रेटरींचा सत्कार झाला. अशी सूचना पुन्हा अनवधानाने मिळू नये म्हणून डबीभोवती जाळी बसवून कुलूप लावण्यात आलं.

शिंपीकाका दवाखान्यातच अकराव्या दिवशी वारले. त्यांची ओळ कमी करायची, तर नियमाप्रमाणे रहिवाशाने स्वतः बदक दाबून संमती द्यावी लागते. त्यामुळे ते अजून आहेत. रोज दहाला हिरवे होतात. आतापर्यंतच्या नोंदीत ते सर्वांत नियमित रहिवासी ठरले आहेत.

मावशीने पुन्हा सातला फोन सुरू केले. वही परत मिळाली नाही, पण वहीची तिला गरज नव्हती. शेजारच्या इमारतीतून विचारणा झाली तेव्हा मात्र ती म्हणाली, "माझ्याकडे हात दोनच आहेत. बाकीच्यांनी आपापले शेजारी बघा." हे उत्तर अव्यवहार्य ठरवून शेजारच्या इमारतीने बदकं घेतली. मग त्यापलीकडच्या इमारतीने. आता योजना वाढवली असून ओळींना मर्यादा राहिलेली नाही.

तुमचं नाव यादीत घेण्यात आलं आहे. हरकत असल्यास उद्या सकाळी दहापर्यंत कळवावी.