इजाजतवाले इब्राहीमभाई

इब्राहीमभाई स्वतःच्या घरात शिरतानाही दाराशी थांबून विचारत, "आऊं क्या?" आतून बायको "आओ" म्हणेपर्यंत चप्पल काढत नसत. एकदा ती विहिरीवर गेली होती, तर हा गृहस्थ अर्धा तास आपल्याच ओट्यावर पाहुण्यासारखा बसून राहिला.

आमच्या बोरी अरब गावात ते भांड्यांना कल्हई करत आणि मी शाळेत मास्तर. त्यांची भट्टी शाळेच्या कुंपणाला लागून. ती पेटवण्याआधी रोज खिडकीशी येऊन म्हणत, "मास्तर, वारा तुमच्याकडं हाय. इजाजत हाय का?" मी रोज हो म्हणे. एक दिवस गंमत म्हणून नाही म्हटलं. भल्या माणसाने भाता उचलला, भांडी डोक्यावर घेतली आणि सगळा पसारा नाल्याकाठी नेला. दुपारी मलाच जाऊन हात जोडून त्यांना परत आणावं लागलं.

पाटलांकडच्या लग्नाच्या पत्रिकेत 'सहकुटुंब' लिहिलेलं आणि बायको तापाने पडलेली. पंगत बसली तरी हे मांडवाच्या दाराशीच. "कागदावर दोघं हाय, अन् मी एकटाच आलो. चालते का, हे कोणाले तरी इचारा न." शेवटी नवरदेवाच्या बापाने हाताला धरून नेलं, तेव्हा जेवले.

अशा माणसाच्या नशिबी खरोखरीची इजाजत मागायची वेळ आली, ती साठ सालानंतर. त्यांची एकुलती बहीण जुबेदा फाळणीच्या आधी लग्न होऊन कराचीला गेलेली. मधल्या काळात अम्मा वारली, तरी तिला येता आलं नाही. एकदाचा व्हिसा मिळाला, तर त्यावर गाव लागलं फक्त यवतमाळ. चूक तिचीच, पण ती आपल्यापैकी कोणाचीही झाली असती. दूरदेशी कोणी गाव विचारलं, तर बोरी अरब कोण सांगतो? आपण जिल्हाच सांगतो. तिनेही सवयीने फॉर्मात तेच लिहून दिलं. आता महिनाभर यवतमाळात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायचं, पोलिसात हजेरी लावायची आणि शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ज्या गावात ती जन्मली, तेच तिला बंद झालं. तिचं मागणं एवढंच होतं की अम्माच्या कबरीपाशी एकदा उभं राहू द्या.

तिला गावात येऊ द्यावं, असा अर्ज मी लिहिला. चार लोकांनी सल्ला दिला, आई बीमार आहे असं घाला, परमिट लवकर सुटतं. इब्राहीमभाई माझ्याकडे वळले. "मेलेल्या अम्माले बीमार कसं लिहू, मास्तर?"

मग दर सोमवारी यवतमाळची कचेरी. तिथेही हे दाराबाहेर उभे. "या" म्हटल्याशिवाय आत जायचं नाही, आणि कचेरीत कोण कोणाला या म्हणतं? मागून आलेले लोक काम उरकून घरी जात. मला मनस्वी संताप येई. "अहो, घुसा न आत," मी म्हणायचो. ते म्हणत, "बोलावतील न." एकदा बोलावलंही. अर्ज वर गेला आहे, उत्तर येईल, असं सांगितलं.

शेजारच्या गंगाबाईने सोपा उपाय काढला. "बुरख्यात कोण वयखते? संध्याकायच्या मोटारीनं घेऊन या न."

"अन् धरली त?" इब्राहीमभाई म्हणाले. "मंग तिले पुन्हा कोणी येऊ देईन का, गंगाबाई?"

तिच्या परतीला दोन दिवस उरले, उत्तर आलं नाही. इब्राहीमभाई माझ्या उंबऱ्याशी आले. मी या म्हटलं, मग बसले. "मास्तर, तिले गावात यायले परमिट लागते. गावाले तिच्याकडं जायले लागते का?"

"नाही."

"मंग गावच नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीत गाव चढलं. अम्माचा तांब्याचा हंडा, आतून रात्रीच्या चांदण्यासारखी ताजी कल्हई, त्यात घरच्या विहिरीचं पाणी. मांडीवर अंबाडीच्या भाजीचं गाठोडं घेतलेली गंगाबाई. आणि मी. त्याआधी मला घेऊन इब्राहीमभाई कबरस्तानात गेले होते. कबरीपाशी वाकून म्हणाले, "अम्मा, थोडी मिट्टी ले जाऊं? जुबेदा के लिए." आणि उत्तराची वाट पाहत उभे राहिले. मोटारीची वेळ होत आली तरी हलेनात. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी माझे डोळे भरून आले.

यवतमाळला जुबेदाबी गंगाबाईच्या गळ्यात पडून पोटभर रडली. हंड्यातलं पाणी दोन पेले प्याली. मग इब्राहीमभाईंनी मातीची पुरचुंडी तिच्या हातात ठेवली.

"अम्मा से पूछा?" तिने विचारलं. तीही त्याच आईची लेक.

"पूछा."

"क्या बोली?"

खोटं इब्राहीमभाईंना बोलता येत नव्हतं. "ना नहीं बोली."

तिने पुरचुंडी छातीशी धरली. थोड्या वेळाने काळजीने म्हणाली, "सरहद पे पेटी खोलते हैं, भाई. मिट्टी ले जाने देंगे? पूछना पड़ेगा."

मी इब्राहीमभाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी पुरचुंडी तिच्याकडून घेतली, गाठ आणखी आवळली आणि तिच्या पेटीत, कपड्यांच्या अगदी तळाशी, स्वतःच्या हाताने ठेवली.

"ये मत पूछ," ते म्हणाले.