खाचरातलं आइसलँड

हरेश भोईरने आपल्या भाताच्या खाचरात चुन्याची फक्की मारायला घेतली तेव्हा त्याच्या डोक्यात आइसलँड होतं आणि बांधावरून बघणाऱ्यांच्या डोक्यात प्लॉटिंग. यात बघणाऱ्यांची काही चूक नव्हती. कर्जत तालुक्यात कापणी झालेल्या शेतात पांढऱ्या रेघा दिसल्या की एकतर क्रिकेटच्या मॅची असतात, नाहीतर जमीन विकलेली असते. हरेशच्या शेतात स्टंपा नव्हत्या.

हरेशचं आयुष्य त्याच्या ईको गाडीमध्ये गेलं होतं. नेरळ स्टेशनला उतरणारे पाहुणे कळंबच्या रिसॉर्टांवर सोडायचे आणि दोन दिवसांनी, थोडे लाल झालेले, परत स्टेशनला आणायचे. स्वतः तो कुठे फिरायला गेला नव्हता. जाणारही नव्हता. पण त्याच्या बायकोच्या, छायाच्या डोळ्यांनी दगा दिला.

पनवेलच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा आजार सांगितला. आधी संध्याकाळचं दिसणं जाईल, मग बाजूचं जाईल, मग, असं म्हणून ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले. संध्याकाळ तर तेव्हाच गेली होती. दिवेलागण झाली की छाया ओटीवर एका जागी बसायची आणि कुणी काही विचारलं की गुडघे दुखतात म्हणून सांगायची. गावात कुणाला कळू द्यायचं नाही, ही तिची सक्त ताकीद होती. "एकदा कळलं ना, की बायका माझ्याशी मोठ्यानं बोलाय लागतील, बहिरी असल्यासारख्या," ती म्हणायची.

त्यांची मुलगी सोनाली शेलूला राहायची. एका रविवारी तिने आईला मोबाइलवर आइसलँड नावाच्या बेटाचा व्हिडिओ दाखवला. हिरवे डोंगर, धबधबे, मधून एक रस्ता, आणि वर लख्ख उजेड.

"आई, हे रात्रीचं आहे. तिथं जूनमध्ये अंधारच पडत नाही."

"म्हंजे सांजच व्हत नाय?"

"नाही होत."

छायाने मोबाइल नाकाजवळ धरला. "मंग तितं मला दिवसभर नि रात्रभर सगळं दिसंल?"

या प्रश्नावर हरेश उठून गोठ्यात गेला. गोठ्यात बरीच वर्षं गुरं नव्हती, त्यामुळे तिथे जाण्याचं दुसरं कारण नव्हतं. परत आला तेव्हा डोळे लाल होते आणि निर्णय झालेला होता.

सोनालीने चौकशा केल्या. बेट भयंकर महाग. तिथे एका चहाच्या किमतीत कर्जतला दोन माणसं पोटभर जेवतात. टूरवाल्यांबरोबर गेलं तर शिट्टी वाजली की पळायचं, आणि आई ठेचकाळणार. म्हणून गाडी भाड्याने घ्यायची, बाबांनी चालवायची, आईला वाटेल तिथे थांबायचं आणि जेवण आपलं आपण रांधायचं. छायाने तांदळाच्या पिठाचा नि सुकटीचा हिशोब लगेच मनात बांधून टाकला. मग फोनवर बाबांची शिकवणी सुरू झाली.

"बाबा, तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. स्टिअरिंग डावीकडे असतं."

"बरं."

"रस्त्यात मेंढ्या येतात."

"आपल्याकडं म्हशी येतात. पुढं बोल."

"वारा इतका असतो की गाडीचं दार उपटतं. दोन्ही हातांनी धरून उघडायचं. आणि लाइट चोवीस तास चालू ठेवायच्या. दिवसासुद्धा. नियम आहे."

"अंधार पडत नाय तर लायटी कशाला?"

"नियम आहे बाबा!"

डाव्या हाताच्या स्टिअरिंगचा सराव घरातच सुरू झाला. हरेश बाकड्याच्या डाव्या टोकाला बसायचा, हातात टोपाचं झाकण धरायचा आणि उजव्या बाजूला उभ्या केलेल्या मुसळाने गिअर टाकायचा. छाया शेजारी बसून "मेंढी आली! मेंढी आली!" करून ओरडायची आणि हसून हसून तिला ठसका लागायचा. त्या घरात असं हसू फार दिवसांनी ऐकू येत होतं.

उजव्या बाजूचा सराव मात्र घरात होईना. हरेशने एकदा कळंबच्या रस्त्यावर ईको उजवीकडून घालून पाहिली. समोरून येणाऱ्या टेंपोवाल्याने खाली उतरून त्याच्या सगळ्या घराण्याची चौकशी केली. तेव्हा हरेशला आपलं खाचर आठवलं. कापणी झाली होती, जमीन खडखडीत वाळली होती. त्याने दोन बांध फोडले आणि फक्कीने बेटाला वळसा घालणारा रस्ता आखला. नद्यांच्या जागी आडव्या रेघा मारल्या. वळणं लक्षात राहावीत म्हणून पत्र्याच्या तुकड्यांवर तिथल्या गावांची नावं रंगवून ती रोवली. मोठ्या वळणावर 'आकुरेरी' लागलं.

दुसऱ्या दिवशी मनोज पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात. मनोज जमिनींची दलाली करायचा.

"काका, मला नाय विचारलंत? आकुरेरी! काय नाव हाय! मुंबईवाले नावावरच बुकिंग करतील. रस्ता गोल ठेवलाय, मधी गार्डन टाकणार ना?"

"अरे, प्लॉटिंग नाय ते. मी गाडी शिकतोय."

मनोज इतका हसला की पेढे पडले. मग एक डोळा बारीक करून म्हणाला, "समजलो. नाय बोलणार कुणाला." आणि दुपारपर्यंत त्याने सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी खालापूरजवळच्या चौक गावाहून हरेशची बहीण सुनिता आली. तिने उंबऱ्यातच डोळ्याला पदर लावला. "दादा, हिस्सा मागाय नाय आले मी. पण इकताना बहिनीला एक फोन तरी करतो मानूस." तिला हरेशने झाकण आणि मुसळ दाखवून सगळं समजावलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना छायाला बाजूला घेऊन विचारलं, "ह्याचं डोकं कवापासून असं झालंय?"

राहिला थोरला भाऊ नामा. बांधाच्या वादावरून दोघांत बोलणं बंद होतं. नामाने येऊन विचारलं असतं तर विषय मिटला असता, पण विचारणार कसा? बोलणं बंद होतं ना! म्हणून त्याने देवळात गावकी बोलावली, सगळ्या गावाची बैठक. आणि बोलावली ती नेमकी व्हिसाच्या तारखेच्या दिवशी, सकाळी.

व्हिसासाठी दुपारी मुंबईत पोचायचं होतं. सोनाली तिकडे कागद घेऊन थांबणार होती. पण गावकीला न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे हरेशला ठाऊक होतं. त्याने छायाला नवं लुगडं नेसवून ईकोत बसवलं, गाडी देवळासमोर लावली आणि म्हणाला, "तू बस हितंच. अर्ध्या तासात उरकून येतो."

गावकी अर्ध्या तासात कधी उरकली आहे? आधी पाणी आलं, मग तंबाखू झाली, मग मागच्या गावकीतल्या एका कोंबड्याचा विषय निघाला. मग कुठे पाटील म्हणाले, "हरेश, शेतात रस्ते कोनी मारले?"

"मी मारले."

"कशाला?"

"गाडी चालवाय शिकाय."

देऊळ हसलं. अर्ध्या गावाला स्टेशनात सोडणारा माणूस गाडी शिकत होता.

"उजव्या बाजूनं चालवाय," हरेशने खुलासा केला. "आइसलँडला तसं चालवतात."

"ही कुठल्या बिल्डरची स्कीम?"

"बेट हाय ते! परदेशात! फिराय जातोय आमी."

"काय हाय तितं?"

"दगड हायत. बरफ हाय. मेंढ्या हायत."

"मंग कशाला जातोस रं?"

याचं उत्तर हरेशच्या जिभेवर होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य त्याचं नव्हतं, छायाचं होतं, आणि त्याने तिला शब्द दिला होता. तो खाली बघत राहिला.

"बगा!" खांबाशी बसलेला नामा उसळला. "बोलतो का बगा! जमीन इकली, आता तोंड कुठनं उघडंल?"

बाहेर ईकोत बसून छायाचा जीव टांगणीला लागला होता. उन्हं चढत होती. शेवटी तिला राहवेना. ती उतरली, चपला काढल्या आणि भर उन्हातून एकदम देवळाच्या काळोखात आली. नामाचा आवाज तिने ऐकला होता. त्या दिशेने तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि कळवळून म्हणाली, "भावोजी, पाया पडते तुमच्या. जमीन जागच्या जागी हाय. ह्यास्नी सोडा. आमाला उशीर व्हतोय."

ती खांबाशी बोलत होती. नामा खांबाच्या दुसऱ्या अंगाला बसला होता.

मागे कुणीतरी फिदकन हसलं. छायाला वाटलं भावोजी ऐकत नाहीत, म्हणून ती वाकली आणि खांबाच्या पाया पडली. हरेशने धावत जाऊन तिला धरलं. छायाने खांबाचा दगड चाचपला आणि तिला कळलं. सगळ्या गावालाही त्याच क्षणी कळलं.

नामा उठला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "कवापासून?" त्याने विचारलं.

"मागच्या गणपतीपासून," हरेश म्हणाला. कितीतरी वर्षांनी भावाशी बोललेला हा पहिला शब्द. "तितं रात पडत नाय, दादा. म्हनून चाललोय."

पुढचं वेगात झालं. नामा आपण होऊन ईकोत चढला आणि पुढच्या प्रत्येक गाडीवाल्याला खिडकीतून हात जोडत, शिव्या देत मुंबईपर्यंत आला. पण गावकीने खाल्लेला वेळ कुठल्या एक्स्प्रेसवेने भरून निघत नाही. सोनाली पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर फाइल होती आणि आतली खिडकी बंद झाली होती. नवी तारीख मिळाली ती जून उलटल्यानंतरची.

"पुढच्या जूनला जाऊ," छाया म्हणाली. सगळ्यांचं सांत्वन तिनेच केलं.

पाऊस आला, फक्की चिखलात गेली, आकुरेरीच्या जागी भात लागलं. ते भात पोटरीला आलं तोवर छायाचं बाजूचं दिसणं गेलं. कापणीला ती बांधावर बसली आणि लोंबी बोटांनी चोळून भात तयार झालाय का ते सांगू लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी या वेळी चष्मा पुसला नाही, सरळच सांगितलं. हरेश दवाखान्याच्या बाहेर ईकोत बसून लहान पोरासारखा रडला. पुढच्या वर्षीचा जून त्याला नको होता. गेलेला हवा होता.

छायानेच सोनालीला फोन केला. "आता तारीख नको घेऊ, बाय. तितं दिवस असंल, पन माझ्याकडं रात मुक्कामाला आलीय."

त्यानंतर एके दिवशी दुपारी हरेश ओटीवर आला तेव्हा त्याला खाचरात माणसं दिसली. नामा वाकून फक्की मारत होता. फक्कीची गोणी मनोजने आणली होती, आणि तो प्लॉटिंगची टेप धरून रस्ता नीट गोल करून देत होता. सुनिता पत्र्यावर नावं रंगवत होती. तिचं अक्षर हरेशपेक्षा बरं होतं.

हरेश तरातरा खाली गेला. "आता कशाला रं दादा? कोनाला दाखवनार हे?"

नामा फक्कीच्या हातानेच डोळे पुसायला लागला आणि डोळे अजून झोंबू लागले.

"भांडू नका," ओटीवरून छाया म्हणाली. "गाडी काढा. हितं व्हिसा लागत नाय."

ती आतून टोपाचं झाकण घेऊन आली. ईकोचं दार तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून उघडलं. "वारं असतं तिकडं," ती म्हणाली. मग डाव्या सीटवर बसून झाकण समोर धरलं.

"तिकडं डायवर डावीकडं बसतो ना? मंग मीच चालवते. तुमी नुस्तं माझ्यासारखं करा."

ती झाकण जिकडे वळवेल तिकडे हरेश स्टिअरिंग वळवायचा. त्यामुळे ईको रस्त्यावर कमी आणि समुद्रात जास्त चालली. एक नदी पुलाशिवाय पार झाली. वळणावर सुनिता बोंबलली, "आकुरेरी आली गो वैनी! डावीकडं धबधबा!" आणि छायाने मान वळवून धबधबा पाहिला. पुढे मेंढ्या हव्या होत्या. नामाने शेजारच्या शेळ्या आणल्या होत्या, पण त्या केव्हाच कुणाच्या तरी वालाच्या वेलांत घुसल्या होत्या. तेव्हा गावकीत ज्याचा शब्द चालायचा तो नामा भोईर रस्त्याच्या मधोमध ओणवा झाला आणि ओरडला, "बेंऽऽ!"

छायाने पाय दाबला, हरेशने ब्रेक मारला. ती खिडकीतून बरोबर त्याच्या दिशेने वाकली. "भावोजी, बाजूला व्हा. आमाला लांब जायचंय."

नामा बाजूला झाला आणि बराच वेळ तसाच ओणवा राहिला.

गाडी फिरत राहिली. माथेरानच्या मागे सूर्य गेला, बांध दिसेनासे झाले, पाट्या काळ्या पडल्या. हरेशने हळूच लाइट लावली.

"अंधार पडला का वो?" छायाने विचारलं.

"नाय गं. जूनमदी पडत नाय हितं."

"मंग लायटीचं बटन वाजलं ते?"

आयुष्यात पहिल्यांदा हरेशला सोनालीची शिकवणी कामाला आली. "नियम हाय इकडचा," तो म्हणाला. "दिवसा पन लायटी चालू ठेवायच्या."

छायाने डावा हात झाकणावर तसाच ठेवला आणि उजव्या हाताने चाचपत त्याचा गुडघा थोपटला.

"हां," ती म्हणाली, "सोनाली बोलली व्हती खरी." आणि तिने झाकण उजवीकडे वळवलं. हरेशने गाडी उजवीकडे घेतली.