डोळ्यांवर दुपट्टा

पुलगावातल्या माझ्या नेट कॅफेत गुलाबभाऊ यायचे, खुर्चीत बसायचे आणि डोळ्यांवर दुपट्टा घट्ट बांधायचे. मग माउस माझ्याकडे ढकलून म्हणायचे, "हा उंदीर तिकडं ठेव. पाहू आता तुही वेबसाइट!"

भाऊंचं कापडाचं दुकान. नजर अशी तेज, की रस्त्याने जाणाऱ्याच्या शर्टाचा भाव बसल्या जागी सांगत. वेबसाइट मात्र ते कानांनी तपासत. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी कुठून तरी पैदा केलं होतं. त्यातल्या आवाजाला ते 'मॅडम' म्हणत. मॅडमला कळलं नाही, की साइट नापास.

मी नुकतीच समाजाच्या वधूवर मंडळाची साइट केली होती. गुलाबाच्या माळा, उडती कबुतरं, वर सनई. आख्ख्या जिल्ह्यात माझ्यासारखा मीच, असा माझा समज. भाऊंनी मॅडमला कामाला लावलं. सनईखालून ती बोलू लागली, "स्लॅश, डब्ल्यू, डॉलर, क्यू…"

"हे शिव्या देऊन राह्यली काय बे?"

"'शुभमंगल' लिहिलं हाय, भाऊ!"

"मंग म्याडमले काऊन नाई समजत?"

कारण त्या काळच्या आमच्या फॉन्टात वरून मराठी दिसायचं आणि आत इंग्रजी अक्षरांची भेळ असायची. मॅडम बिचारी भेळ वाचत होती. मी ते कबूल करायचं सोडून चिडलो. "इथं लग्न जमवाले आंधयं मानूस कोन येते, भाऊ?"

भाऊंनी दुपट्टा सोडला.

"माही बहीन," ते म्हणाले. "शकू. शाळेत गानं शिकवते. लग्नासाठी तिले निरोप येतेत, ते मीच वाचून दाखवतो. वाईट ओळ आली का गाळतो. अन् चांगली आली तं… लाजते ना ते, भावाच्या तोंडून!"

मी सनई बंद केली, कबुतरं हाकलली आणि सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच राहील असा, नव्याने टाइप केला. मॅडमचा आवाज हिंदी. मराठी बोलायची ती नागपूरच्या शेठजीसारखी, पण शब्द न् शब्द कळायचा.

शकूताई आल्या. हेडफोन लावून, साइटवर आलेला एका मुलाचा निरोप ऐकत एकट्या बसल्या. भाऊ दाराबाहेर पाठ करून उभे. आत ताई आधी गंभीर झाल्या, मग खुदकन हसल्या, मग चक्क लाल झाल्या.

"काय म्हनते तो?" भाऊंना राहवलं नाही.

"नाई सांगत!"

भाऊ तडक बाजारात, ताईंना निरोप आल्याचं सांगत. पोरगा कोण, कुठला, जमलं का, लोक विचारत.

"मले काय मालूम!" भाऊ छाती काढून सांगत होते. "मले सांगतच नाई ना शकू!"