हिरवळीवर चप्पल नको

भानुदासरावांच्या घरी कॉम्प्युटर बघायचा असेल, तर चप्पल दाराबाहेर काढून भागत नाही. पायही धुवावे लागतात. पहिल्या दिवशी मी तसाच खुर्चीपाशी गेलो, तर ते ओरडलेच, "ओ कुलकर्णीसाहेब, हिरवळीवर कुठं चालले तसेच?" मी दचकून खाली पाहिलं. खाली फरशी होती. हिरवळ पडद्यावर होती.

मला असले धक्के सोसत नाहीत. बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि बजाजनगरात हे गृहस्थ नेमके माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात.

भानुदासराव गोल्फच्या मैदानावर माळी होते. गावाबाहेरचं नऊ होलचं मैदान. तीस वर्षं त्यांनी तिथलं गवत पोटच्या पोरासारखं राखलं. मग मैदान बंद झालं, भोवती पत्रे लागले, आणि आता आत गोदामं आहेत. त्यांची नात शिकायला पुण्याला गेली, तिचा कॉम्प्युटर घरी पडून होता. त्यात गोल्फचा एक खेळ होता आणि त्या खेळात आपलं मैदान आपल्याला बनवता येत होतं. नातीनं सुट्टीत शिकवलं. झालं! भानुदासरावांनी बुडालेलं मैदान पुन्हा उभं करायला घेतलं.

त्याच सुमारास सोसायटीचा पाणी मारायचा पाइप चोरीला गेला. सेक्रेटरींनी ग्रुपवर थयथयाट केला. सकाळी मी दूध आणायला उतरलो, तर पार्किंगमध्ये पाइप सरळ अंथरलेला आणि माझ्या स्कूटरखालून दोन पाय बाहेर आलेले. मी किंचाळलोच.

"वरडता काय? हे टोक धरा," स्कूटरखालून आवाज आला. भानुदासराव टेप घेऊन पाइप मोजत होते.

खेळाला मीटर हवे होते आणि यांना मैदान पाइपात पाठ होतं. "चार नंबरचा होल म्हंजे पहिल्या टोल्यापासनं सहा पाइप आन वर धा पावलं." वर आमच्याच पाइपाला नावं ठेवली. "लई आखूड हाय हो तुमचा. आमचा तिथला बरोब्बर ह्याच्या दुप्पट व्हता."

खेळात गवत आपोआप झकास उगवतं. यांनी सातव्या होलजवळ मुद्दाम एक पिवळा, टकला पट्टा ठेवला. का, तर "तिथं पानी पोचतच नव्हतं. खोटं कशाला दाखवू?" रोज आंघोळ झाली की ते होलच्या खड्ड्याची जागा बदलत. एकाच जागी ठेवला तर लोकांच्या पायांनी भोवतीचं गवत मरतं म्हणे. "अहो, हे गवत मरत नाही," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धा टाकून खाली आलो.

एवढं सगळं करत, पण स्वतः खेळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परवा मैदान पुरं झालं आणि मला बोलावणं आलं. पाय धुऊन गेलो.

"बसा साहेब. मारा."

"पहिला मान तुमचा. तुम्ही रोज मारतच असाल की!"

"एकबी नाय मारला."

"बरं, खऱ्या मैदानावर तरी?"

"तिथंबी नाय. माळ्याला काठी धरायची मनाई व्हती. एकदा धरली, तर क्लबच्या खिडकीतनं साहेब वरडले. सगळ्यांसमोर. परत हात नाय लावला."

तीस वर्षं! मला संताप आला, गोळी घेतलेली असूनही छाती धडधडायला लागली.

"भानुदासराव, हे मैदान कुणाचं?"

ते घुटमळले. "माझंच म्हनायचं."

"मग बसा तिथं."

ते बसले. माउसवर हात ठेवला. पण मारायच्या आधी त्यांनी पडद्यावरचं दृश्य हळूच मागं फिरवलं, क्लबच्या इमारतीकडे. ती त्यांनीच बांधली होती, खिडकीसकट. खिडकीत कोणी नव्हतं. तरी ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

मग मारला. चेंडू त्यांनीच लावलेल्या कडुनिंबात जाऊन अडकला. भानुदासराव खुदकन हसले. लगेच दाराकडे एक नजर टाकली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कुनाला सांगू नका बरं, साहेब."